जुन्या स्पोर्ट्स कारचे इलेक्ट्रॉनिक शॉक काढायचे, तर आधी काय आणि मग काय

डॅशबोर्डवर शॉकच्या, म्हणजे शॉक अब्सॉर्बरच्या, चित्राचा पिवळा दिवा लागतो, स्पीडब्रेकर उतरल्यावर गाडी दोन-तीनदा हेलकावे खाते, आणि चार नव्या मूळ शॉकचा भाव ऐकून मालक गप्प होतो. नाशिकमध्ये दहा-पंधरा वर्षांच्या ऑडी टीटी, पोर्शे बॉक्सस्टर किंवा बीएमडब्ल्यूच्या दोन दारी गाड्या ज्यांनी हौसेने सांभाळल्या आहेत, त्यांना हा प्रसंग कधी ना कधी येतोच. मग कुणीतरी सुचवतो, ‘ती इलेक्ट्रॉनिक भानगड काढून टाका, साधे शॉक बसवा.’ सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. शॉक पान्यांनी एका दिवसात निघतात. कंट्रोल युनिट, वायरिंग आणि हेडलाइट यांचा हिशोब तेवढ्याने पुरा होत नाही. तो आधी मांडला नाही, तर नवे शॉक बसूनही दिवा तसाच राहतो आणि गाडी पूर्वीपेक्षा वाईट चालते.

या लेखात मुख्य उदाहरण दुसऱ्या पिढीच्या ऑडी टीटीचे, म्हणजे २००६ ते २०१४ या काळात बनलेल्या गाडीचे घेतले आहे. ज्या टीटीला ‘मॅग्नेटिक राइड’ आहे, तिच्या गिअरच्या दांड्याजवळ शॉकचे चित्र असलेले बटण असते. इतर गाड्यांना तत्त्वे तीच लागू पडतात, नट-बोल्ट तेवढे वेगळे.

आत नेमके काय असते

स्प्रिंग गाडीचे वजन पेलते आणि खड्ड्याचा धक्का साठवून ठेवते. साठवलेली ताकद ती परत फेकणार, हे ठरलेले. ती फेक शॉक आवरतो. त्याच्या नळीतले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते, घर्षणाने तापते आणि हालचालीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. छिद्र लहान तर शॉक कडक, मोठे तर मऊ. साध्या शॉकमध्ये हे प्रमाण कारखान्यातच ठरते. इलेक्ट्रॉनिक शॉकमध्ये ते चालत्या गाडीत बदलता येते.

बदलण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत. सर्वांत जुनी म्हणजे शॉकच्या डोक्यावर बसवलेली छोटी मोटर. ती आतला दांडा फिरवते आणि छिद्र लहान-मोठे होते. १९८९ ते १९९५ या वर्षांतल्या शेव्हरोले कॉर्व्हेटची ‘एफएक्स३’ यंत्रणा अशीच होती. ही काढायला सोपी, कारण मोटर वरून उचलली की खाली जवळजवळ साधाच शॉक उरतो. दुसरी पद्धत विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची. पोर्शेची ‘पासम’ आणि बीएमडब्ल्यूची ‘ईडीसी’ याच घराण्यातल्या. तिसरी टीटीची: शॉकमधल्या कृत्रिम तेलात लोखंडाचे काही मायक्रॉन आकाराचे कण मिसळलेले असतात आणि पिस्टनमध्ये तारेची कॉइल असते. कॉइलमधून वीज गेली की चुंबकीय क्षेत्र तयार होते, कण रांगेत उभे राहतात आणि पिस्टनच्या वाटेतले तेल क्षणात घट्ट होते. हलणारा व्हॉल्व्ह यात नाहीच. डेल्फायची ही यंत्रणा २००२ साली कॅडिलॅक सेव्हिलमध्ये पहिल्यांदा रस्त्यावर आली, पुढे कॉर्व्हेट आणि ऑडीने ती घेतली. कल्पना सुंदर आहे, आणि चांगल्या अवस्थेतली मॅग्नेटिक राइड उगाच काढू नये, हे आमचे स्पष्ट मत.

पण याच बनावटीत तिचे दुखणेही आहे. दांड्याच्या सीलजवळून रोज हजारो वेळा लोखंडाचे कण घासत जातात. सील झिजले की तेल गळते आणि शॉकच्या अंगावर करडा-काळा, चिकट थर दिसतो. असा शॉक दुरुस्त करून पुन्हा भरण्याची सोय आपल्याकडे नाही म्हटले तरी चालेल. तोच तेलाचा प्रकार, तेच गॅसचे प्रेशर आणि तेच सील मिळाल्याशिवाय भरलेला शॉक फार टिकत नाही. अंबडमध्ये गेब्रिएलचा शॉकचा कारखाना आहे, शहरात शॉकची जाण असलेली माणसेही पुष्कळ आहेत. पण दुचाकीचा शॉक उघडणे आणि हा उघडणे यांत फार अंतर आहे.

आणखी एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. मॅग्नेटिक राइडच्या कॉइलला वीज मिळाली नाही, की शॉक मऊ पडतो. म्हणून नुसता फ्यूज काढून ‘यंत्रणा बंद केली’ असे समजू नये. ती गाडी कसाऱ्याच्या वळणांवर धोकादायक होते आणि दिवा तर पेटतच राहतो. व्हॉल्व्हच्या बनावटीत वीज गेल्यावर शॉक किती कडक राहील हे त्या त्या व्हॉल्व्हवर ठरते.

काढण्याआधी खात्री करा की शॉकच गेला आहे

दिवा लागला म्हणजे शॉक गेला, असे नाही. खराबी पुष्कळदा काही रुपयांच्या कनेक्टरमध्ये असते आणि बिल मात्र चार शॉकचे होते. म्हणून आधी स्कॅन करा. व्हीसीडीएस (ऑडीची कंट्रोल युनिट वाचणारे उपकरण) किंवा तशाच एखाद्या उपकरणाने सगळी युनिट वाचा आणि पूर्ण अहवाल साठवून ठेवा. सस्पेन्शनचे युनिट १४ या पत्त्यावर, म्हणजे स्कॅनच्या यादीतल्या त्या क्रमांकावर, असते. खराबीच्या कोडमध्ये कोणत्या चाकाचे नाव आहे, आणि ‘सर्किट खुले’ म्हटले आहे की ‘शॉर्ट’, हे पाहा.

मग इग्निशन बंद करून त्या चाकाचे कनेक्टर सोडवा आणि मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजा. तो अगदी कमी, काही ओहमच असतो. त्यामुळे आधी मीटरची दोन्ही टोके एकमेकांना लावून येणारा आकडा वजा करायला विसरू नका. चारही शॉक मोजा. तीन सारखे आणि एक वेगळा आला तर दोषी सापडला. चारही सारखे आले तर शंका वायरिंगकडे वळवा.

वायरिंगच्या तक्रारी आपल्याकडे ठरावीक आहेत. इगतपुरीच्या पावसातून महिनोन्‌महिने ये-जा करणाऱ्या गाडीत कनेक्टरच्या पितळी पिना हिरव्या पडतात. पावसाळ्यात दोन-दोन महिने झाकून ठेवलेल्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात. चाकाजवळ उंची मोजणारा सेन्सर असतो, त्याची बोटभर लांबीची जोडदांडी खड्ड्यात तुटते आणि युनिटला वाटते की गाडी एका बाजूला झुकली आहे. बॅटरी म्हातारी झाली की व्होल्टेज पडल्याचे कोडही इथेच जमा होतात. या चारपैकी काही निघाले तर ते दुरुस्त करा आणि इथेच थांबा.

शॉक खरोखर गळत असेल, तर हिशोब बदलतो. एक गळला की दुसरे त्याच वयाचे. एका अक्षावर एक नवा आणि एक जुना शॉक चालवू नये, निदान जोडी बदलावीच लागते. चारही मूळ शॉक बदलण्याच्या खर्चात चांगल्या प्रतीच्या साध्या शॉकचे बहुतेक वेळा एकाहून अधिक संच येतात. इथे काढण्याचा निर्णय योग्य ठरतो. पोर्शेसारख्या काही गाड्यांना मात्र मधला मार्ग आहे. बिलस्टाइनचे ‘डॅम्पट्रॉनिक’ शॉक मूळ वायरिंगलाच जोडले जातात आणि यंत्रणा जिवंत राहते. तुमच्या मॉडेलला ते मिळत असतील तर काढण्याच्या भानगडीत पडू नका.

कोणते सामान मागवायचे

बहुतेकांची फसगत इथे होते, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

समोरचे शॉक, मागचे शॉक, समोरचे टॉप माउंट (शॉकचे वरचे टोक बॉडीला धरणारा भाग) आणि त्यातली बेअरिंग, बंपस्टॉप (शॉक पूर्ण दबला की धक्का झेलणारा रबरी ठोकळा), धुळीपासून वाचवणारे रबरी बूट, आणि नवे बोल्ट-नट. इतके एकाच वेळी हवे. मॅग्नेटिक शॉकची वायर दांड्याच्या पोकळीतून आत जाते, त्यामुळे त्याच्या डोक्यावरची मांडणी साध्या शॉकपेक्षा वेगळी असू शकते. जुने टॉप माउंट नव्या शॉकवर ‘बसतील बहुतेक’ या भरवशावर राहू नका. साध्या सस्पेन्शनच्या टीटीचे टॉप माउंटच मागवा.

टीटी आणि फोक्सवॅगन गॉल्फ यांचा खालचा सांगाडा एकाच घराण्यातला. त्यात समोरच्या स्ट्रटची (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेल्या जोडीची) नळी दोन मापांत येते, ५० मिलिमीटर आणि ५५ मिलिमीटर. गॉल्फच्या यादीतून मागवलेला ५० चा स्ट्रट ५५ च्या घरात सैल बसतो आणि तो कितीही आवळला तरी धरत नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी गाडी उचलून व्हर्निअर कॅलिपरने स्वतः मोजा.

स्प्रिंगचे काय? मॅग्नेटिक राइडच्या गाडीला कारखान्याने त्या शॉकला जुळणाऱ्या स्प्रिंग दिल्या असतात. साध्या शॉकचे प्रमाण साध्या स्प्रिंगसाठी ठरवलेले. जोडी जमली नाही तर दोनपैकी एक होते: स्प्रिंग कडक आणि शॉक कमी पडला तर गाडी उड्या मारत राहते, आणि उलट झाले तर एका खड्ड्यातून चाक सावरण्याआधीच दुसरा येतो. स्प्रिंगवर रंगाच्या ठिपक्यांची खूण असते. ती आणि चेसिस नंबर पार्ट्स कॅटलॉगशी ताडून पाहा. टीटीत ३.२ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन नाकाकडे बरेच जड आहे, २.० लिटरचे हलके. इंजिनाप्रमाणे समोरची स्प्रिंग बदलते, हे विसरून ‘टीटीची स्प्रिंग’ एवढेच सांगून मागवू नका.

गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगचा मोह अनेकांना होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषात स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे तो चढ-उतार सावकाश व्हावा. शहराच्या गल्लीबोळात दिसतात ते तेवढ्याच उंचीचे, पण हातभर रुंदीचे. त्यात सिंहस्थाच्या तयारीसाठी जागोजागी खोदकाम. गाडी तीन सेंटिमीटर जरी खाली आली तरी नाकाचा ओठ घासतो, आणि त्याहून वाईट म्हणजे शॉकची खाली जायची जागा संपून तो सतत बंपस्टॉपवर आपटतो. मूळ उंचीच ठेवा.

शॉक बदलल्याने नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील बदलत नाही. तरीही मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या फेरफारांविषयीच आहे, हे ध्यानात ठेवून मूळ उंची, मूळ टायरचे माप आणि नावाजलेल्या कंपनीचे भाग यांवरच राहणे शहाणपणाचे. विमा कंपनीला लेखी कळवा, बिले जपा.

काढणी आणि बसवणी

जमीन सपाट हवी, जॅक स्टँड भक्कम हवेत, आणि एक मदतनीस हवा. सवयीच्या हाताला चारही शॉकला पूर्ण दिवस पुरतो. इलेक्ट्रॉनिक भाग आणि अलाइनमेंटला दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस ठेवा.

गाडी उचलण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवा. हे चार आकडे पुढे दोनदा लागणार आहेत. रात्रीच भेदक तेल सगळ्या आट्यांवर मारून ठेवले तर सकाळी निम्मी मारामारी वाचते. इग्निशन बंद करून काही मिनिटे थांबा, बॅटरीचा उणे टोक काढा, मगच शॉकचे कनेक्टर सोडवा.

समोरच्या स्ट्रटचे वरचे तीन बोल्ट वायपरखालच्या प्लॅस्टिकच्या आवरणाखाली दडलेले असतात. वायपरचे हात आधी काढावे लागतात, आणि ते पुलरनेच काढा. स्क्रूड्रायव्हरने उचकटले तर काचेचा कोपरा जातो. चाक काढा, स्टेबिलायझरची (वळणात गाडीचे झुकणे आवरणाऱ्या आडव्या दांड्याची) लिंक शॉकपासून सोडवा. नट सोडताना लिंकचा बॉल फिरतो, म्हणून मागून तो धरून ठेवायला योग्य बिट हवा. ब्रेकची होज (रबरी नळी) आणि एबीएसची वायर स्ट्रटवरच्या क्लिपमधून मोकळी करा. हे विसरून स्ट्रट खाली ओढला की एबीएस सेन्सरची वायर आतून तुटते. बाहेरून काही दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी एबीएसचा दिवा लागतो.

आता स्ट्रटला पकडून ठेवणारा आडवा बोल्ट काढा. स्ट्रट ज्या घरात बसलेला असतो त्याला मागे एक खाच असते. त्या खाचेत रुंदावणारे खास बिट घालून ९० अंश फिरवले की घर किंचित उघडते आणि स्ट्रट वर सरकतो. हे बिट स्वस्त आहे. त्याच्या जागी छिन्नी आणि हातोडा वापरणारे पुष्कळ, पण त्यामुळे घराला आतून ओरखडे पडतात किंवा ते गरजेपेक्षा जास्त उघडते आणि पुढे नव्या स्ट्रटला नीट आवळत नाही. चाकाचा सांधा खाली दाबताना ड्राइव्ह शाफ्टकडे, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याकडे, लक्ष असू द्या. तो ताणला गेला की आतला जॉइंट सुटतो किंवा रबरी बूट फाटतो. पुरेशी जागा मिळत नसेल तर जोर करू नका, खालच्या बॉल जॉइंटचे तीन नट सोडवा. ड्राइव्ह शाफ्टचा मधला बोल्ट काढावा लागलाच, तर तो नवा घ्या आणि तो सैल असताना गाडी चाकांवर टेकवू किंवा ढकलू नका. व्हील बेअरिंग लगेच खराब होते.

स्ट्रट हातात आला की स्प्रिंग दाबून टॉप माउंट सोडवायचे. यात चुकीला जागा नाही. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जबडा फोडण्याइतकी ताकद साठलेली असते. दोन बाजूंना समोरासमोर लावलेले आणि हुक न घसरणारे कंप्रेसर हवेत, स्ट्रटच्या टोकासमोर तोंड नको, आणि दांड्याच्या नटाला इम्पॅक्ट गन लावू नये. ज्या वर्कशॉपमध्ये भिंतीला लावलेला स्प्रिंग प्रेस आहे तिथून एवढे काम करून आणणे कधीही चांगले.

नव्या स्ट्रटवर स्प्रिंगचे टोक खालच्या ताटलीतल्या पायरीला नीट टेकले पाहिजे. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक राहिला तरी स्टिअरिंग फिरवताना ‘टण्’ असा आवाज येतो, कारण स्प्रिंग अडकून एकदम सुटते. स्ट्रट घरात घालताना त्याच्या मागची पट्टी खाचेत शिरली का आणि तो तळाला टेकला का, हे टॉर्च लावून पाहा.

मागे काम सोपे आहे. या गाडीत मागची स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळे असतात, त्यामुळे नुसता शॉक बदलायला स्प्रिंग दाबावी लागत नाही. कमानीतले आवरण काढले की वरचे दोन बोल्ट दिसतात, खाली एक मोठा बोल्ट. खालचा काढण्याआधी सस्पेन्शनच्या खालच्या आर्मखाली जॅक लावून ठेवा, नाहीतर आर्म खाली कोसळतो आणि ब्रेक होज ताणली जाते.

आवळण्याचे आकडे असे: दांड्याचा वरचा नट ६० न्यूटन-मीटर, टॉप माउंटचे तीन बोल्ट १५ न्यूटन-मीटर आणि त्यानंतर ९० अंश, स्ट्रटला पकडणारा आडवा बोल्ट ७० न्यूटन-मीटर आणि ९० अंश, स्टेबिलायझर लिंक ६५, मागचे वरचे बोल्ट ५० आणि ४५ अंश, मागचा खालचा १८०, चाकांचे बोल्ट १२०. आपल्या चेसिस नंबरच्या मॅन्युअलशी हे एकदा ताडून घ्या. ज्यांच्यापुढे अंश लिहिले आहेत ते बोल्ट आवळताना किंचित ताणले जातात आणि त्या ताणावरच धरतात. एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तसा धरत नाही, म्हणून ते नवेच लागतात. दिसायला जुना बोल्ट धडधाकट असतो, म्हणूनच तो पुन्हा वापरला जातो आणि तीन महिन्यांनी खडखड सुरू होते.

आता ते लिहून ठेवलेले आकडे काढा. मागच्या शॉकच्या खालच्या टोकाला रबराचा बुश असतो. चाक हवेत लटकत असताना हा बोल्ट पूर्ण आवळला, तर बुश त्या लटकत्या कोनात कायमचा पिळला जातो. गाडी जमिनीवर आली की तो सतत विरोध करत राहतो. गाडी थोडी उंच उभी राहते, कडक वाटते, आणि वर्षभरात रबर फाटते. म्हणून बोल्ट आधी हातानेच लावा, जॅकने चाकाचा सांधा वर उचला, मध्यापासून कमानीपर्यंतचे अंतर लिहिलेल्या आकड्याइतके झाले की मगच पूर्ण आवळा. ‘नवे शॉक फार कडक आहेत’ ही तक्रार ऐकली की आम्ही पहिल्यांदा हेच तपासायला सांगतो.

दिव्याचा बंदोबस्त

यांत्रिक काम संपले, पण कंट्रोल युनिट अजून चार कॉइल शोधते आहे. त्याला त्या सापडत नाहीत म्हणून दिवा लागतो. यावर तीन उपाय आहेत.

पहिला म्हणजे युनिटच यादीतून वगळणे. ऑडीत १९ या पत्त्यावर गेटवे असतो आणि गाडीत कोणकोणती युनिट आहेत याची यादी त्याच्याकडे असते. त्या यादीतून १४ ची खूण काढायची आणि युनिटचे कनेक्टरही सोडवायचे. दोन्ही गोष्टी एकत्र करा. नुसते कनेक्टर काढले तर गेटवे ‘युनिट बोलत नाही’ म्हणून तक्रार करतो. नुसती खूण काढली तर युनिट जागेच राहते आणि आपले रडगाणे पाठवत राहते. काही गाड्यांत एबीएसच्या किंवा मीटरच्या कोडिंगमध्येही (युनिटमध्ये भरलेल्या मांडणीच्या आकड्यातही) सस्पेन्शनचा प्रकार लिहिलेला असतो. म्हणून काम झाल्यावर पुन्हा पूर्ण स्कॅन करा आणि आधीच्या अहवालाशी ओळ-ओळ ताडून पाहा. कोडिंग बदलण्याआधी जुना आकडा जसाच्या तसा उतरवून ठेवायचा, हे वेगळे सांगायला नकोच.

पण इथे एक मोठा खड्डा आहे. गाडीची उंची मोजणारे सेन्सर फक्त शॉकसाठी नसतात. झेनॉन हेडलाइटचा झोत आपोआप वर-खाली करणाऱ्या यंत्रणेलाही गाडीच्या तिरकेपणाची माहिती लागते, आणि काही गाड्यांत ती याच युनिटमार्फत जाते. अशा गाडीतले युनिट काढले की हेडलाइट सर्वांत खालच्या पातळीवर अडकतात आणि नवा दिवा लागतो. रात्री समोरच्या अंधारात काही दिसत नाही. तुमच्या गाडीच्या वायरिंगच्या नकाशात सेन्सरच्या तारा कुठे जातात ते आधी पाहा. त्या सस्पेन्शनच्या युनिटकडे जात असतील तर युनिट जागेवर ठेवून दुसरा उपाय करावा. सेन्सर तर कोणत्याही परिस्थितीत काढू नका.

दुसरा उपाय कॉइलच्या जागी रोधक जोडण्याचा. युनिटला कॉइल असल्याचा भास व्हावा म्हणून तितक्याच ओहमचा रोधक लावतात. ऐकायला स्वस्त आहे, पण हिशोब करून पाहा. समजा कॉइल २ ओहमची आहे आणि युनिट ३ अँपिअर सोडते. उष्णता म्हणजे वीजप्रवाहाचा (अँपिअरचा) वर्ग गुणिले रोध, ३ × ३ × २, म्हणजे १८ वॉट. चार चाकांचे ७२ वॉट. हे एका कोंदट कोपऱ्यात टेपने गुंडाळले तर प्लॅस्टिक वितळते. ५० वॉटचा ॲल्युमिनिअमच्या आवरणाचा रोधकसुद्धा धातूच्या पत्र्याला स्क्रूने घट्ट बसवला तरच ५० वॉट सोसतो, मोकळा सोडला तर निम्म्याहूनही कमी. शिवाय कॉइलमध्ये वीज हळूहळू चढते, रोधकात झटक्यात. काही युनिट हा फरक ओळखतात आणि दिवा पुन्हा लावतात. म्हणून हा मार्ग पत्करलाच तर रोधक बॉडीच्या पत्र्याला बसवा, थर्मल पेस्ट लावा, अर्धा तास गाडी चालवून तापमान मोजा, आणि जवळपास कार्पेट किंवा फोम राहू देऊ नका.

तिसरा उपाय म्हणजे शॉकच्या कंपनीने याच कामासाठी बनवलेला संच. केडब्ल्यू ही जर्मन कंपनी अनेक गाड्यांसाठी असे बंद करण्याचे संच देते. ते मूळ कनेक्टरमध्ये बसतात, वायर कापावी लागत नाही. तुमच्या मॉडेलसाठी मिळत असेल तर आम्ही हाच घ्यायला सांगू. खर्च थोडा जास्त, पण गाडी पुढे कुणाला विकायची झाली आणि त्याला मूळ यंत्रणा परत बसवावीशी वाटली, तर वाट मोकळी राहते.

रिकाम्या राहिलेल्या कनेक्टरांना मोकळे लोंबकळत ठेवू नका. आत डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारे) ग्रीस भरा, रबरी टोपी लावा, आणि हलणाऱ्या भागांपासून दूर मूळ वायरिंगलाच बांधा. कापून टाकण्याची घाई नको.

शेवटची जुळवणी आणि पहिले हजार किलोमीटर

नवे शॉक बसल्यावर चारही चाकांचे अलाइनमेंट लागतेच. मागच्या चाकांचा टो (वरून पाहता चाकाचा कोन) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा तिरकेपणा) बोल्ट फिरवून जुळवता येतो. समोर कॅम्बरसाठी सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) किंचित सरकवावी लागते, आणि हे माहीत असलेल्या माणसाकडेच गाडी न्या. बॅटरी काढल्यामुळे ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला असेल तर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून थोडे अंतर चालवा, तो बहुधा जातो. गाडीची उंची काही मिलिमीटरही बदलली असेल तर ५५ या पत्त्यावरून हेडलाइटची मूळ पातळी पुन्हा शिकवावी लागते. नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत झोत जातो.

पहिली फेरी वस्तीतच, १५ च्या वेगाने, दोन-चार स्पीडब्रेकरवरून, काच खाली करून घ्या. ‘टक-टक’ आवाज आला तर लिंकचा नट आणि टॉप माउंट पाहा. वळताना कण्हल्यासारखा आवाज आला तर स्प्रिंगची बैठक पाहा. स्पीडब्रेकरनंतर गाडीने एकदा खाली जाऊन वर येऊन स्थिर व्हायला हवे, दुसरा हेलकावा नको. हे ठीक असेल तरच पाथर्डी फाट्यावरून मुंबईच्या रस्त्याला लागा. कसारा घाट त्याही नंतर, कोरड्या रस्त्यावर आणि उजेडी. गाडीचा स्वभाव आता बदललेला असतो. पूर्वी बटण दाबून जी कडकी मिळायची ती आता नाही, आणि वळणात गाडी किती झुकणार हे हाताला नव्याने कळावे लागते. समृद्धी महामार्गाच्या वेगाला जाण्याआधी ही ओळख झालेली असावी.

५०० किलोमीटरला चाकांचे बोल्ट आणि लिंकचे नट टॉर्क पान्याने तपासा. ज्यांच्यापुढे अंश आहेत त्यांना पुन्हा फिरवू नका, फक्त सैल नाहीत ना एवढे पाहा. हजार किलोमीटरला चारही उंची परत मोजा. नवी स्प्रिंग काही मिलिमीटर बसते, ते ठीक. पण डाव्या-उजव्यात फरक वाढला असेल तर एखादी स्प्रिंग बैठकीतून सरकली आहे.

काढलेल्या शॉकमध्ये गॅस जोरदार दाबाने भरलेला असतो. भंगारवाल्याने गॅस कटर लावला तर तो फुटतो, म्हणून देताना तोंडी नव्हे तर शॉकवरच ठळक लिहून द्या. त्यातले तेल नासर्डीच्या किंवा गोदेच्या नाल्यात जाता कामा नये. वापरलेले तेल घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच ते द्या. गळत नसलेले शॉक, मूळ स्प्रिंग, कंट्रोल युनिट काढले असल्यास ते, आणि जुन्या कोडिंगचा कागद एका खोक्यात भरून त्यावर चेसिस नंबर लिहा.